किडनीवर कुणाचा राग नव्हता

धाकटीची बायोप्सी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या काकूंनी खुर्चीत टेकता टेकताच वाक्य टाकलं, "काय बाई एकेक आजार निघालेत, स्वतःचं शरीरच स्वतःवर उलटतं म्हणे." काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं, कुठेतरी वाचलं असणार त्यांनी, आणि खरं सांगायचं तर धाकटीच्या ल्युपससारखा ऑटोइम्युन आजार म्हटला की जिथे तिथे पहिल्या दोन ओळींत हेच लिहिलेलं असतं, शरीराने शरीरावर केलेला हल्ला, घरातलाच शत्रू वगैरे. धाकटी तोंडभर हसून "हो ना काकू" म्हणाली. त्या गेल्यावर मात्र कूस न बदलता, छताकडे बघत तिने विचारलं, "ताई, मग मी ह्या गोळ्या नेमक्या कुणाच्या बाजूनं घेतेय?" मला काही सुचलं नाही. मी पाण्याचा ग्लास भरला, उशी सरळ केली आणि विषय तिथंच राहिला. पण काकूंचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. एक तर ते ऐकून तिचा उतरलेला चेहरा मी बघितला होता, आणि दुसरं म्हणजे ते खरं आहे का, हेच मला नीट कळत नव्हतं.

त्याआधीचे काही महिने सगळं हळूहळू येत गेलं होतं. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत, बाटलीचं झाकण उघडता यायचं नाही, आणि दुपारपर्यंत सगळं ठीक, त्यामुळे कुणालाच (तिला स्वतःलाही) फार गंभीर वाटेना. मग संध्याकाळची कणकण, मग उन्हातून आल्यावर गालांवर उठणारं लालसर पुरळ, मग पावलांवर सूज, मोजे काढले की इलॅस्टिकचा वळ कितीतरी वेळ तसाच. आणि लघवीला फेस. हे ती सगळ्यात शेवटी बोलली, अडखळत, की फ्लश केल्यावरसुद्धा फेस कडेला चिकटून राहतो. तो फेस म्हणजे प्रोटीन, रक्तात राहायचं ते गळून चाललेलं. मग रिपोर्ट आले, एएनए पॉझिटिव्ह, अँटी-डीएस-डीएनए बरंच वाढलेलं (दोन्ही स्वतःच्याच पेशींच्या केंद्रातल्या गोष्टींविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंना पकडायला शरीर बनवतं ती प्रोटीन्स), आणि खाली दोन ओळी ठळक अक्षरात, सी-३ कमी, सी-४ कमी (रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रोटीन्सपैकी दोन). आम्ही सगळे वाढलेल्या आकड्यांकडेच बघत बसलो होतो.

कमी झालेल्या आकड्यालाही घाबरायचं असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक!

बायोप्सीचा रिपोर्ट समजावून सांगताना किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "फोटो बघायचेत का तुम्हाला?" धाकटी म्हणाली बघायचेत. मला नको होते. स्क्रीनवर काळाकुट्ट अंधार आणि त्यात हिरवा उजेड. किडनीचा तो केसाएवढा तुकडा गोठवून, अगदी पातळ कापून, त्यावर चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी सोडतात, आणि मग जिथे जिथे माणसाच्या स्वतःच्या अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंटची प्रोटीन्स साठलेली असतील तिथे हिरवं चमकतं. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचा एक गुंता दिसत होता, ग्लोमेरुलस म्हणतात त्याला, आणि त्याच्या वळणावळणाने हिरवे ठिपके, लहानमोठे, ओबडधोबड, कुठे दाट कुठे विरळ. सुंदर दिसत होतं, आणि ते सुंदर दिसतंय ह्याचा मला रागही येत होता. आयजीजी, आयजीए, आयजीएम ह्या तीन प्रकारच्या अँटिबॉडी, आणि कॉम्प्लिमेंटमधले सी-३, सी-१क्यू, पाचही फोटोंत तेच ठिपके. "ह्याला आम्ही फुल हाउस म्हणतो," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच थोडे ओशाळले. मग त्यांनी आपल्या संग्रहातला दुसरा एक फोटो काढला, वेगळ्याच आजाराचा. त्यात ठिपके नव्हतेच. केशवाहिन्यांच्या कडेकडेने एकच बारीक, गुळगुळीत, कुठेही न तुटणारी हिरवी रेघ. "हा गुडपाश्चर. ह्यात अँटिबॉडी किडनीच्या पडद्याविरुद्धच बनलेली असते, तिचा नेम तिथेच असतो, म्हणून ती सगळीकडे सारखी बसते. तुमच्या बहिणीच्या किडनीत जे आहे ते बरंचसं बाहेरून वाहत येऊन अडकलेलं आहे."

रेघ आणि ठिपके. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नंतर जमेल तसं वाचत गेले तेव्हा कळलं की ह्या ठिपक्यांची गोष्ट ऑटोइम्युन आजारापासून सुरूच होत नाही, ती सुरू होते एका औषधापासून. १८९० साली बेरिंग आणि किटासातो ह्यांनी दाखवलं की जंतूंच्या विषाची सवय केलेल्या प्राण्याच्या रक्तात उतारा तयार होतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. मग घोड्यांना थोडं थोडं विष टोचायचं, त्यांच्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) काढायचं आणि घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांना द्यायचं, असं सुरू झालं. मुलं वाचायला लागली, बेरिंगना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्रातलं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. पण वाचलेल्या मुलांपैकी काहींना आठ-बारा दिवसांनी नवंच काहीतरी व्हायचं. ताप, अंगभर गांध्या, सुजलेल्या गाठी, दुखणारे सांधे, कधी लघवीतून जाणारं प्रोटीन. घटसर्प तर बरा झालेला, मग हे काय? व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक असे दोन तरुण डॉक्टर होते, त्यांनी ह्या मुलांच्या नोंदी घेऊन बसून एकच गोष्ट बघितली, ती म्हणजे दिवस. इंजेक्शन दिल्यापासून आजार दिसेपर्यंत किती दिवस जातात. पहिल्यांदा सीरम मिळालेल्यांना आठवडा-दीड आठवडा, आणि पूर्वी कधी मिळालेलं असेल तर फार लवकर, कधीकधी त्याच दिवशी. म्हणजे सीरमच विषारी असतं तर वाट बघायचं कारणच नव्हतं. वाट बघितली जात होती ती मुलाच्या शरीरात घोड्याच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याची, आणि त्या तयार झाल्या, सीरमला जाऊन भिडल्या, की त्या भिडण्यातून आजार. १९०५ मध्ये त्यांनी ह्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तोवर अँटिबॉडी म्हणजे रक्षण एवढंच समीकरण होतं, आणि हे दोघं म्हणत होते की रक्षणासाठी जे बनतं त्याच्यामुळेच माणूस आजारीही पडू शकतो. (ॲलर्जी हा शब्दही पिर्केंचाच, १९०६ चा, हे मला अगदी आत्ता कळलं.)

मला ह्या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की त्या मुलांच्या किडनीशी, सांध्यांशी, कातडीशी कुणाचंच वैर नव्हतं. भांडण होतं घोड्याच्या प्रोटीनशी. आणि घोडा तर तिथे नव्हताच.

अँटिजेन (ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनते ते) आणि अँटिबॉडी एकमेकांना चिकटून जो पुंजका तयार होतो तो इम्युन कॉम्प्लेक्स, आणि तो बनणं हा काही आजार नाही. साधी सर्दी झाली तरी ते बनतात, आत्ता हे वाचताना तुमच्या रक्तातही थोडे असणार. शरीराने त्यांची सोय लावून ठेवलेली आहे, आणि ती सोय इतकी साधी आहे की मला पहिल्यांदा वाचल्यावर विश्वासच बसेना. पुंजका बनला की कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रोटीन्स त्यावर जाऊन बसतात, त्यातलंच एक सी-३, त्याचा एक तुकडा पुंजक्याला पक्का चिकटतो. तांबड्या पेशींच्या अंगावर नेमका हा तुकडा पकडणारी जागा असते. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की तांबडी पेशी ऑक्सिजन वाहते, संपलं. पण ती हमालीसुद्धा करते, वाटेत दिसलेला पुंजका पाठीवर टाकायचा, लिव्हर किंवा प्लीहेपर्यंत न्यायचा, तिथल्या मोठ्या भक्षक पेशी तो उतरवून घेतात आणि गिळतात, आणि हमाल रिकाम्या पाठीने पुन्हा रक्तात. ल्युपसमध्ये तांबड्या पेशींवरच्या ह्या पकडायच्या जागा कमी झालेल्या आढळतात, आणि पुंजके इतके बनत राहतात की सी-३, सी-४ वापरून वापरून संपत येतात. रिपोर्टमधल्या त्या दोन ठळक ओळींचा अर्थ हा होता. शरीर कमी बनवत होतं असं नाही, खर्च फार होत होता.

न उचललेले पुंजके मग फिरत राहतात. त्यांचं पुढे काय होणार हे बरंचसं त्यांच्या आकारावर ठरतं, आणि आकार ठरतो प्रमाणावर. हायडेलबर्गर आणि केंडल ह्यांनी १९३० च्या दशकात हे टेस्टट्यूबमध्ये मोजलं होतं, अँटिबॉडी आणि अँटिजेन जोडीला जोड असले की मोठाली जाळी बनते, पाणी गढूळ होतं आणि साका तळाशी बसतो. अँटिजेन फार जास्त झालं तर जाळी बनतच नाही, छोटे छोटे तुकडे विरघळलेलेच राहतात. शरीरात मोठी जाळी लगेच पकडली जाते आणि गिळली जाते. अगदी छोटे तुकडे सहसा निरुपद्रवी. त्रास देतात ते मधले, म्हणजे अँटिजेन जरासंच वरचढ असताना बनणारे, जे गिळले जाण्याइतके मोठे नाहीत आणि सोडून देण्याइतके लहान नाहीत. फ्रँक डिक्सन ह्यांनी सशांवर हेच दाखवून दिलं. सशाला गाईच्या रक्तातलं प्रोटीन एकदाच भरपूर दिलं की काही दिवसांनी अँटिबॉडी येतात, पुंजके बनतात, कॉम्प्लिमेंट खाली जातं, किडनी सुजते, आणि प्रोटीन संपलं की ससा बराही होतो. पण तेच प्रोटीन रोज, सशाच्या अँटिबॉडीच्या अंदाजाने, हात राखून देत राहिलं तर आजार कायमचा होतो. १९६१ चा तो प्रयोग वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. कारण धाकटीला रोज बाहेरून कुणी काही टोचत नव्हतं. तिच्या बाबतीत अँटिजेन होतं ते तिच्याच मेलेल्या पेशींमधलं, केंद्रातलं डीएनए वगैरे, आणि पेशी तर रोज मरतात, मरायलाच हव्यात. म्हणजे हा पुरवठा कधीच थांबणार नव्हता.

आणि किडनीच का, तर तिथून रक्त फार जातं म्हणून. हृदय जे काही ढकलतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एवढ्याशा दोन किडन्यांतून जातो, एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास ग्लोमेरुलस, आणि सगळे मिळून दिवसाला १८० लिटरच्या घरात पाणी गाळतात (त्यातलं बहुतेक सगळं परत घेतलं जातं, नाहीतर आपण दुसरं काही काम करूच शकलो नसतो). दाब जास्त, गाळणं अखंड, त्यामुळे जे अडकायचं ते तिथे अडकतं. सांध्यांच्या अस्तरातल्या केशवाहिन्या जरा झिरपणाऱ्या असतात, म्हणून तिथेही. आणि कातडीत सगळ्यात जास्त पोटऱ्यांवर, घोट्यांपाशी, कारण उभं राहिलं की दाब तिथे जास्त आणि प्रवाह संथ. वॉर्डात शेजारच्या बेडवर एक शाळकरी मुलगा होता, त्याच्या पायांवर ते पुरळ होतं, जांभळट लाल. डॉक्टरांनी त्यावर काचेची पट्टी दाबून दाखवली, रंग जराही फिका झाला नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर येऊन बसलेलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी प्रत्येक ठिपका हाताला लागतो असं ते म्हणाले. गुडघ्याच्या वर जवळपास काहीच नाही. पुरळाचा नकाशा गुरुत्वाकर्षणाने काढलेला, आजाराने नाही, असं काहीतरी तेव्हा मनात आलं होतं. पुंजक्यांना पत्ता नसतो. त्या मुलाचा आजार वेगळा होता, त्यात आयजीए ह्या अँटिबॉडीचे पुंजके असतात, आणि बहुतेक मुलं त्यातून आपोआप बरी होतात, हे ऐकून त्याच्या आईने जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो.

ह्याच घराण्यातले आणखी किती आजार निघाले! घसा दुखून बरा झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी मुलांची लघवी अचानक गडद तपकिरी होते, चेहरा सुजतो, ते घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या पुंजक्यांमुळे. हेपटायटिस सी मध्ये कधीकधी असे पुंजके बनतात जे थंडीत गोठतात, त्यांची तपासणी करायची तर रक्त काढल्यापासून वेगळं करेपर्यंत नळी ३७ अंशांवर उबदार ठेवावी लागते, जरा गार झाली की जे शोधायचंय तेच तळाशी बसून जातं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये तर अँटिबॉडीविरुद्धच अँटिबॉडी बनते, त्यालाच ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर म्हणतात, १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वॉलर ह्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला, आणि सांध्यातलं पाणी तपासलं तर तिथेही कॉम्प्लिमेंट संपत आलेलं. साप चावल्यावर देतात ते घोड्याचं सीरमसुद्धा आजही काहींना आठवड्या-दीड आठवड्याने तोच जुना व्हिएन्नातला आजार देतं. जीव वाचलेला असतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

पण नुसतं अडकल्याने काही होत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला. पुंजका भिंतीत बसला की कॉम्प्लिमेंट जागं होतं, त्याचे छोटे तुकडे, सी-३ए, सी-५ए, रक्तात सुटतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, पुंजका गिळायला बघतात, पण तो भिंतीत रुतलेला, गिळता येत नाही. मग त्या पेशी आपल्याकडची सगळी पाचक द्रव्यं बाहेरच ओततात. जळतं ते आजूबाजूचं. १९०३ मध्ये मॉरिस आर्थस ह्यांनी सशाच्या कातडीखाली घोड्याचं सीरम पुन्हा पुन्हा टोचलं तेव्हा पहिल्या काही वेळा काहीच झालं नाही, पुढे जागा कडक होत गेली, आणि शेवटी तिथली कातडीच सडली, ती ह्याच प्रकाराने. आणि १९९८ मध्ये काही संशोधकांनी ल्युपस होणाऱ्या उंदरांतून फक्त एक गोष्ट काढून टाकली, पांढऱ्या पेशींवरची अँटिबॉडीचं शेपूट पकडणारी जागा. त्या उंदरांच्या किडनीत पुंजके साठलेले होते, कॉम्प्लिमेंटसुद्धा साठलेलं होतं, आणि तरीही किडनी तशी जळली नाही. म्हणजे हिरवे ठिपके असूनही आजार नाही, असंही होऊ शकतं. स्क्रीनवरचे ते ठिपके आठवले तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांची भीती जरा कमी वाटली.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं, अर्थातच जरा जास्तच उत्साहाने, की बघ, किडनीवर कुणाचा राग नव्हता, ती फक्त वाटेत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. म्हणजे मुद्दाम नाही केलं. पण क्रिएटिनीन तर वाढलंच ना?"

क्रिएटिनीन म्हणजे किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात साठत जातं ते. ह्यावर काय बोलणार. तिचं बरोबरच होतं. आणि माझ्या त्या ठिपके-आणि-रेघ थिअरीलाही तडे होतेच, ते मला पुढे वाचताना दिसत गेले. मेम्ब्रेनस नावाचा एक किडनीचा आजार आहे, त्यात हुबेहूब ठिपकेच दिसतात, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांना वाटत होतं की तेही वाहत आलेले पुंजके. २००९ मध्ये कळलं की बहुतेकांमध्ये अँटिबॉडी किडनीच्याच पेशीवरच्या एका प्रोटीनला चिकटते आणि पुंजका जागेवरच बनतो. म्हणजे ठिपके असूनही नेम तिथलाच. ल्युपसमध्येही थोडं दोन्ही असावं असं आता मानतात, काही पुंजके वाहत येतात, काही वेळा डीएनएचे तुकडे आधी गाळणीच्या पडद्यात जाऊन बसतात आणि अँटिबॉडी मागाहून येऊन त्यांना पकडते. शिवाय काकूंचं वाक्य पूर्ण खोटं म्हणता येत नाही. अँटिबॉडी स्वतःच्याच डीएनएविरुद्ध आहेत हे तर खरंच आहे. फक्त ते डीएनए जिवंत पेशीच्या आत सुरक्षित बसलेलं नसतं, ते असतं बाहेर सांडलेलं, वेळेत न उचललेलं. आणि म्हणूनच ती सी-१क्यू ची गोष्ट मला इतकी विचित्र वाटते. सी-१क्यू हे कॉम्प्लिमेंटच्या साखळीतलं पहिलं प्रोटीन, आग लावणाऱ्यांतलं पहिलं म्हणा ना. फार थोड्या माणसांत ते जन्मतःच नसतं. आग लावणाराच नाही म्हटल्यावर त्यांना ल्युपस होऊच नये, नाही का? तर त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना होतो. कारण मेलेल्या पेशी आणि पुंजके उचलायलाही तेच लागतं. त्यामुळे उद्या कुणी विचारलं की कॉम्प्लिमेंट आपल्या बाजूचं की विरुद्ध, तर ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. बाजू ही आपली भाषा आहे, पेशींची नाही.

आणि हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं हे आणखी वाईट. डीएनए किंवा आरएनए असलेला पुंजका एका विशिष्ट जातीच्या पेशीने गिळला की तिला आतून वाटतं व्हायरस आलाय, कारण असं सुटं डीएनए आत सापडलं तर एरवी ते बहुतेक वेळा व्हायरसचंच असतं. ती इंटरफेरॉन सोडते, म्हणजे व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रोटीन, भरपूर. धाकटीचा तो न संपणारा थकवा, फ्लू झाल्यासारखं दुखणारं अंग, त्याला बराचसा हा इंटरफेरॉन कारणीभूत. फ्लू नव्हताच, पण शरीर अगदी प्रामाणिकपणे फ्लूशीच लढत होतं. आणि इंटरफेरॉन वाढला की आणखी अँटिबॉडी, आणखी पुंजके.

ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त वैताग कुणी आणला असेल तर इम्युनिटी वाढवा म्हणणाऱ्यांनी. रोज एक तरी मेसेज. हा काढा, ती पावडर, सकाळी अनशेपोटी अमुक. धाकटी आधी प्रत्येकाला समजावायची, आता नुसता अंगठा पाठवते. इम्युनिटी म्हणजे जणू एकच आकडा आहे, कमी असेल तर वाढवायचा! तिला वाढवायचंय काय आणि कमी करायचंय काय हे तिच्या डॉक्टरांनाही दर भेटीत नव्याने ठरवावं लागतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी आवरायच्या आहेत, पण इतक्याही नाही की साधा न्यूमोनिया जिवावर बेतेल. पुंजके उचलणारी यंत्रणा मात्र चालूच राहायला हवी. आणि पुंजके मुळात वाईट नसतात हेही आहेच, लिम्फ नोडमध्ये (गळ्यातल्या-काखेतल्या त्या गाठी) काही पेशी ते मुद्दाम जपून ठेवतात, महिनोन्महिने, जुन्या जंतूंची ओळख विसरू नये म्हणून. तेवढे राहू द्यायचेत.

गोळ्यांचं म्हणाल तर स्टेरॉइड आहे, त्याने तिचा चेहरा गोल झालाय आणि झोप उडालीय, रात्री दोन वाजता ती कपाटं आवरत असते. मायकोफेनोलेट आहे, ते लिम्फोसाइट्सना, म्हणजे अँटिबॉडी वगैरे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, वाढू देत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आहे, मूळचं मलेरियाचं औषध, ते बाकी काय काय करतं ते असो, पण पुंजका गिळलेल्या पेशीच्या आतला तो व्हायरस आल्याचा गैरसमज जरा कमी करतं, आणि ते बहुधा जन्मभर, डोळे अधूनमधून तपासून घेत. नवी औषधंही आली आहेत, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची रसद तोडणारं बेलिमुमॅब २०११ पासून, इंटरफेरॉनची दारं अडवणारं ॲनिफ्रोलुमॅब २०२१ पासून, तिला अजून तरी त्यांची गरज पडलेली नाही. कुणाच्या बाजूनं, हा तिचा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. कदाचित विसरली असेल. मी विचारायला गेले तर म्हणेल, ताई आता पुन्हा ससे नकोत.

सोमवारी पुन्हा रक्त आणि लघवी द्यायचीय. आता घरात सगळ्यांना पाठ झालंय काय बघायचं ते, बाबासुद्धा रिपोर्ट उघडला की थेट खालच्या ओळींकडे जातात. सी-३ वर जायला हवं आणि प्रोटीन खाली. मागच्या वेळी सी-३ सरकलं होतं, प्रोटीन तिथंच होतं. डॉक्टर म्हणाले रक्त आधी सुधारतं, किडनी मागून येते, तिला वेळ लागतो.